स्वप्नभेटीच्या वनौषधींपायी गेलेले ३१,६५० रुपये

मी २९ वर्षे बँकेत रोखपाल होते. खोटी नोट मला डोळ्यांआधी बोटांना कळत असे, आणि समोरच्या ग्राहकाला ओटीपी कोणालाही सांगू नका असे मीच बजावत असे. त्यामुळे हे लिहिताना मला अतोनात लाज वाटते. तरीही लिहीत आहे, कारण माझे केवळ पैसे गेले नाहीत, जीवही जाता जाता राहिला.

माझे यजमान वारले, त्यानंतर ११ महिन्यांत ते एकदाही माझ्या स्वप्नात आले नाहीत. बहिणीच्या स्वप्नात आले, मुलाच्या आले, माझ्या नाही. ज्यांनी असे दिवस काढलेले नाहीत त्यांनी कृपया मला बावळट म्हणू नये. त्याच सुमारास मोबाइलवर जाहिरात दिसली: स्वप्ने स्पष्ट करणाऱ्या वनस्पती, गेलेल्या माणसाची भेट.

विक्रेता पहिल्याच फोनपासून मला ‘आई’ म्हणत होता. त्याने सांगितलेली वनस्पतींची माहिती मी स्वतः पडताळून पाहिली आणि ती बरोबर निघाली, हे मला आवर्जून सांगायचे आहे. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातले चोंताल लोक एका अतिशय कडू पाल्याचा काढा स्वप्नांसाठी घेतात, हे खरे आहे. दक्षिण आफ्रिकेतील खोसा लोक एका रोपाच्या मुळीला स्वप्नमुळी मानतात, हेही खरे आहे. खोटे होते ते पुढचे वाक्य, की या सगळ्या एकत्र घेतल्या तर गुण अनेक पटींनी वाढतो. चोंताल माणसाने खोसांची मुळी कधी आपल्या काढ्यात घातलेली नाही. असे मिश्रण कोणाच्याही परंपरेत नाही, ते फक्त विक्रेत्याच्या दरपत्रकात आहे.

कडू पाल्याचे १,८५० रुपये मी दिले. काढा इतका कडू की अर्धा पेला घशाखाली उतरेना, आणि स्वप्न काहीच नाही. तेव्हा त्याने सांगितले की एकट्या पाल्याने भागत नाही. दुसऱ्या पुडक्याचे ७,४०० रुपये झाले: मुळीचे ५,००० आणि ‘आफ्रिकेची स्वप्नबी’ म्हणून दोन बियांचे २,४००.

इथेच मी थांबायला हवे होते. पुडके उघडले आणि तळहातावर तपकिरी, चकचकीत, चपटी, काडेपेटीएवढी बी आली. ती मी ओळखली. माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले आहे. आमच्या घरामागच्या रानात गारंबीचा वेल होता, त्याला हातभराहून लांब शेंगा लागत, आणि त्यातली हीच बी आम्ही पायरीवर घासून तापवायचो व एकमेकांच्या दंडाला चटका द्यायचो. तोच टणक गुळगुळीतपणा, तीच धार. ही वेल आफ्रिकेतही होते आणि तिथे स्वप्नांशी जोडली जाते हे खरे, पण माझ्या हातात होती ती आमच्या परड्यात फुकट पडणारी गारंबी. हे मला कळले, आणि कळूनही मी स्वतःची समजूत घातली की तिकडची जात वेगळी असेल. ओळखीची वस्तू परकी मानण्यासाठी मी १,२०० रुपयांना एक या दराने पैसे मोजले. त्या दुपारी ते पुडके परत बांधून ठेवले असते, तर पुढचे काहीही घडले नसते.

तिसरा ‘संयुक्त संच’ १६,५०० रुपयांचा होता, आणि त्यावर सीमाशुल्क म्हणून ५,९०० रुपये त्याने एका खासगी यूपीआय क्रमांकावर मागितले. सीमाशुल्क कधीही कोणा व्यक्तीच्या खात्यात भरले जात नाही. हे मला ठाऊक असायलाच हवे होते. संचात रात्री घ्यायचे तगर-जटामांसी या झोप आणणाऱ्या मुळ्यांचे चूर्ण होते आणि तीन वाजता गजर लावून घ्यायच्या दोन प्रकारच्या कॅप्सूल होत्या. मी रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घेते, हे मी त्याला स्पष्ट सांगितले होते. त्याचे उत्तर होते, “आई, हे नैसर्गिक आहे, गोळीशी याचा काही संबंध नाही. डॉक्टरांना मात्र सांगू नका, ते बंद करायला लावतील.” डॉक्टरांना सांगू नका म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा.

चौथ्या पहाटे मी न्हाणीघरात कोसळले. मुलाने दवाखान्यात नेले तेव्हा नाडी ३८ होती. दवाखान्याचे बिल १८,२४० रुपये झाले, ते वरच्या रकमेत धरलेले नाही. पाकिटे पाहून डॉक्टरांनी मला सगळे समजावले. एका कॅप्सूलमध्ये गॅलँटामाइन होते. ते मुळात स्नोड्रॉप नावाच्या फुलझाडाच्या कंदातून मिळाले, म्हणून ‘नैसर्गिक’. प्रत्यक्षात ते स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना चिठ्ठीवर दिले जाणारे औषध आहे. दुसरीत ह्युपरझिन होते. दोन्हींचे काम एकच आहे: मेंदूतील ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन मोडू न देणे. त्याने स्वप्ने ठळक होऊ शकतात, पण त्याच रसायनाने हृदयाचे ठोकेही मंदावतात. म्हणजे दोन नावांनी मी एकच परिणाम दुप्पट घेत होते, आणि तोही ठोके मंद करणाऱ्या गोळीवर. तगर झोपेच्या गोळीबरोबर किंवा दारूबरोबर घेतल्यास गुंगी वाढते, हेही त्यांनी सांगितले. काहीही घेतले असेल तर पाकिटे घेऊनच दवाखान्यात जा. मुलाने ती उचलली नसती, तर डॉक्टरांना कारण शोधत बसावे लागले असते.

आता तक्रारीबद्दल. पोलीस ठाण्यात मला विचारण्यात आले की पैसे तुम्ही स्वतः पाठवले, माल मिळाला, मग फसवणूक कोठे झाली? एका तरुण कर्मचाऱ्याने सहकाऱ्याला हाक मारून “मावशींना स्वप्न पडत नाही” असे सांगितले आणि दोघे हसले. औषधाच्या कार्यालयात सांगितले की पाकिटावर औषध असे लिहिलेलेच नाही. अन्नाच्या कार्यालयात सांगितले की तळाशी बारीक अक्षरांत “फक्त सुगंधासाठी, सेवनासाठी नाही” छापले आहे, त्यामुळे ते अन्नही नाही. औषध नाही, अन्न नाही, मग चार दिवस माझ्या पोटात गेले ते काय होते? सहा फेऱ्या मारल्या, तीन ठिकाणी तोच अर्ज नव्याने लिहिला, आणि माझ्या हाती एक पोचपावती आहे.

आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर उत्पादन परवान्याचा व बॅचचा क्रमांक असावाच लागतो. आहारपूरकावर चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. माझ्या पाकिटांवर दोन्ही नव्हते, आणि नोटेतला सुरक्षा धागा तपासणाऱ्या मला ते पाहावेसे वाटले नाही. पैसे गेल्याचे कळताच त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर फोन करा. मी लाजेपोटी १९ दिवस गप्प राहिले आणि तोवर खाते रिकामे झाले होते. ग्राहक आयोगात आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ती मी आता केली आहे.

परवा मुलाने मला तीच छायाचित्रे असलेली जाहिरात नव्या नावाने दाखवली. संच आता ९,९९९ रुपयांना आहे, आणि चित्रात डाव्या कोपऱ्यात गारंबीच्या दोन बिया आहेत.