हाइट सेन्सरचा दोष: सर्व्हिस सेंटर की स्वतःचा स्कॅनर?

एअर सस्पेन्शनच्या, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर तोललेल्या गाडीत प्रत्येक चाकापाशी उंची मोजणारा हाइट सेन्सर असतो. त्यात दोष येऊन सस्पेन्शनचा दिवा लागला, की मालकापुढे साधारणपणे दोन मार्ग असतात: गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्यावी, किंवा सस्पेन्शनच्या मॉड्यूलपर्यंत (त्याचे नियंत्रण करणाऱ्या छोट्या संगणकापर्यंत) पोहोचणारा स्कॅनर स्वतः विकत घेऊन ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या मदतीने दोष शोधावा. वॉरंटी संपलेल्या माझ्या गाडीसाठी मी दोन्ही मार्ग अनुभवले आहेत. मोबाइलला जोडायचा स्वस्त ब्लूटूथ डोंगल या तुलनेत घेतलेला नाही, कारण आपल्याकडे २०१३ पासून बंधनकारक असलेली ओबीडी-२ ही गाडीतली दोष नोंदवणारी प्रणाली मुळात धुराच्या उत्सर्जनावर लक्ष ठेवण्यासाठी आहे. त्यामुळे असा डोंगल इंजिनचे ‘पी’ने सुरू होणारे दोषांचे कोड दाखवतो आणि सस्पेन्शनचे ‘सी’ने सुरू होणारे कोड त्याला बहुधा दिसतच नाहीत.

सर्व्हिस सेंटरची जमेची बाजू कॅलिब्रेशनची आहे. नवा सेन्सर बसवल्यावर गाडी सपाट फरशीवर उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे लागते आणि ते आकडे मॉड्यूलमध्ये भरावे लागतात. हे काम तिथे नीट होते. अनेक गाड्यांत हेडलाइटचा झोतही याच सेन्सरच्या भरवशावर वरखाली होत असल्याने त्यात हयगय परवडत नाही.

मला जे खटकले, ते मात्र निदानाच्या पायरीवर. साध्या हाइट सेन्सरला तीन वायरी असतात: पाच व्होल्टचा पुरवठा, अर्थ (ग्राउंड) आणि सिग्नल. गाडीच्या उंचीप्रमाणे सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टच्या दरम्यान सरकतो. कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिनांवर हिरवट गंज चढला, की हा सिग्नल सतत तुटत नाही. ओल्या रस्त्यावर किंवा एखाद्या खड्ड्यात क्षणभर तुटतो. माझ्या गाडीचा दिवा ताम्हिणी घाटात भर पावसात लागायचा आणि उघडीप मिळाल्यावर गाडी सर्व्हिस सेंटरला पोहोचेपर्यंत विझलेला असायचा. मग जॉबकार्डवर ‘सध्या दोष आढळला नाही’ अशी नोंद व्हायची, नाहीतर मेमरीत साठलेल्या कोडावरून थेट सेन्सर बदलण्याचा सल्ला मिळायचा. वास्तविक कोड सेन्सरच्या सर्किटचा असतो. दोष वायरीत, पिनेत किंवा मॉड्यूलकडच्या जोडातही असू शकतो. न दिसणाऱ्या दोषासाठी महागडा भाग बदलणे मला पटेना, आणि माझा कौल इथेच फिरला.

स्वतःचा स्कॅनर गाडीत असला, की शेजारी बसलेल्या माणसाला चारही चाकांच्या उंचीचे आकडे चालत्या गाडीत वाचता येतात. तीन आकडे रस्त्याप्रमाणे हलत असताना चौथा एकदम टोकाला उडी मारतो, तेव्हा शोध त्या एका कोपऱ्यापुरता उरतो. पुढे इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटरवर पाच व्होल्टचा पुरवठा तपासावा आणि सेन्सरला चाकाकडच्या भागाशी जोडणारी दांडी हलक्या हाताने फिरवून सिग्नल न अडखळता सरकतो का, ते पाहावे. दांडीच्या टोकाचा सांधा (बॉल जॉइंट) निसटला असेल, तर आकडा स्थिर पण चुकीचा दिसतो आणि कोड येईलच असे नाही. माझ्या गाडीत पिना साफ करून कनेक्टरचे रबरी सील बदलल्यानंतर दिवा पुन्हा लागलेला नाही. एका गाडीच्या अनुभवावरून सरसकट निष्कर्ष काढू नये, हे मान्य. तरीही पावसाळी भागात वापरल्या जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत सेन्सरआधी कनेक्टरवर संशय घ्यावा, असे मला वाटते.

गाडी रात्रभरात एका बाजूने खचत असेल, तर बहुधा सस्पेन्शनची एअरबॅग (हवेची पिशवी) किंवा नळी गळत असते. तिथे स्कॅनरपेक्षा साबणाचे पाणी उपयोगी. शिवाय गाडीखाली हात घालण्यापूर्वी जॅक मोड (उंचीचा आपोआप होणारा बदल थांबवणारी सोय) चालू करून पक्के स्टँड लावावेत, कारण हवा सुटली की गाडी सूचना न देता खाली बसते.

वॉरंटी शिल्लक असेल, तर अर्थातच सर्व्हिस सेंटर गाठावे. सेन्सर खरोखरच बदलावा लागला, तरी कॅलिब्रेशनपुरते मी तिथेच जाईन. स्कॅनर घेणार असाल, तर पैसे देण्यापूर्वी तो तुमच्याच मॉडेलचे सस्पेन्शन मॉड्यूल उघडतो आणि उंचीचे चालू आकडे दाखवतो, याची खात्री गाडीला जोडूनच करून घ्यावी. ‘चार सिस्टिम’ म्हणून विकले जाणारे अनेक स्कॅनर इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस (ब्रेकची प्रणाली) आणि एअरबॅग यांपुढे जात नाहीत, आणि त्यातली एअरबॅग स्टिअरिंगमधली असते, सस्पेन्शनची नव्हे.