नागाचे पाय, 15 इंची

बीएफगुडरिचच्या रेडियल टी/ए टायरना पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

माझी गाडी खरी शेल्बी कोब्रा, म्हणजे साठच्या दशकातली ती अमेरिकी स्पोर्ट्स कार, नाही. तिच्या 1965 च्या 427 मॉडेलची नक्कल आहे. मॅसॅच्युसेट्सच्या फॅक्टरी फाइव्ह कंपनीचं सुट्या भागांचं किट, इथे मिशिगनला आमच्या गॅरेजमध्ये दोन हिवाळे घालून जोडलेलं. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, टायर ज्याचं त्यानं बघायचं.

बहुतेक जण 17 इंची चाकं घेतात. टायर पुढे 245/45, मागे 315/35 (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत). उंची दोन्हींची 652 मिलिमीटर, आणि चांगले चिकट टायर या मापात सहज मिळतात. 13 इंची ब्रेक लावले असतील तर 17 शिवाय गत्यंतरच नाही. पण ती चाकं लावलेली कोब्रा बाजूनं बघितली की मला नऊवारीवर स्पोर्ट्स शूज घातल्यासारखं वाटतं. मूळ गाडीला हॅलिब्रँड कंपनीची 15 इंची चाकं होती, त्यावर जाडजूड रबर. माझे ब्रेक 11 इंची, म्हणून हा हट्ट परवडला.

रिम घेतले पुढे 8 इंच रुंद, मागे 10. त्यावर बीएफगुडरिच रेडियल टी/ए : पुढे 235/60, मागे 295/50. मागच्याचा हिशेब करा. 295 चे पन्नास टक्के 147.5, वरचे-खालचे मिळून 295, त्यात रिमचे 381. झाले 676. पुढचा येतो 663. गाडीची मागची बाजू जरा उचललेली दिसते, तीच तर हवी होती. फक्त 652 वर जुळवलेला स्पीडोमीटर ताशी 60 मैल दाखवतो तेव्हा गाडी 62 वर असते.

कागदावर सगळं बसतं हो, खरी परीक्षा चाकाच्या कमानीत. मागच्या स्प्रिंगा काढल्या, टायरची आतली भिंत आणि चासीचा पाइप यांच्यामध्ये कणकेचा गोळा ठेवला, दुसरा कमानीच्या कडेखाली, आणि अ‍ॅक्सल जॅकनं पार वर टेकवला. चपटलेले गोळे अलगद सोडवून व्हर्नियरनं मोजले. आत 9 मिलिमीटर, बाहेर 12. बायको दारात उभी राहून म्हणाली, "आज पोळ्या चासीलाच का?"

आता कापलेला तारा. तो टायरचा नाही, विकणाऱ्याचा. 2022 च्या जूनमध्ये आलेल्या मागच्या दोन टायरांवर छापलेल्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे होते 1418, म्हणजे 2018 सालचा चौदावा आठवडा. या गाड्या वर्षाला फार तर दोन हजार मैल धावतात. नक्षी झिजायच्या आधी रबरच कडक होतं. त्यात चार वर्षं गोदामातच गेलेली. तीन फोन, एक फोटो, मग बदलून मिळाले. पैसे देण्याआधी तारीख विचारा.

चालवायला? खड्ड्यांवर 17 इंचीपेक्षा पुष्कळ मऊ. वेगाची मर्यादा एस, म्हणजे ताशी 180 किलोमीटर. ट्रॅकवर नेणाऱ्यांनी हे घेऊच नयेत. गाडी हजार किलोच्या आसपास, म्हणून हवेचा दाब अंदाजानं ठेवला नाही. टायरवर आडवी खडूची रेघ मारली आणि गल्लीत एक चक्कर. 32 पीएसआयला रेघ फक्त मधोमध पुसली, 24 ला कडेपर्यंत. 24 च ठेवलाय.

टायरच्या एका बाजूला मोठी पांढरी अक्षरं आहेत. नवीन असताना त्यांच्यावर निळा थर येतो, तो साबण आणि ब्रशनं जातो. अक्षरं बाहेर ठेवायची की आत, यावर घरात मतभेद आहेत. मुलगा म्हणतो टेम्पो दिसतोय. ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या ड्रीम क्रूझला अक्षरं बाहेर ठेवूनच गेलो.