परळी की धोम? सायकल कुठे न्यावी

साताऱ्यातून रविवारी सायकल काढायची, पाण्याकाठी हिंडायचं आणि वाटेत जुनं गावही बघायचं, तर माझ्या मते पर्याय दोनच. बोगद्यातून परळी आणि उरमोडी धरण, नाहीतर वाई-मेणवली-धोम. (कासचा रस्ता फुलांच्या दिवसांत चारचाकीवाल्यांनाच लखलाभ.)

परळीची बाजू घराजवळची. सकाळी निघावं, जेवायला परत. परळीतलं महादेवाचं जुनं देऊळ निवांत बघण्यासारखं, आणि डोक्यावर सज्जनगड. समर्थांनी 1682 मध्ये देह ठेवला तो हाच परळीचा किल्ला. पायऱ्या चढण्याइतका जीव उरला असेल, तर वर महाप्रसाद मिळतो. धोमच्या वाटेवर त्याच्या तोडीचं जेवण मला तरी मिळालेलं नाही.

पण बोगदा! जाताना त्याच्या पलीकडे मस्त उतार लागतो. परतताना तोच उतार चढ होऊन पुढ्यात उभा, आणि चढ संपतो तिथे बोगद्याचं तोंड. एकदा असाच धापा टाकत आत शिरलो, तर मागून जीप. गड्याने हॉर्नवरचा हात काढला नाही. त्या दगडी नळीत आवाज असा घुमतो की गाडी मागे आहे की अंगावर, कळत नाही. पळ काढायला पायात काही उरलं नव्हतं. भिंतीकडे सरकलो, हँडल घासलं, करंगळीचं सालटं निघालं. पुढचे दोन रविवार मी अर्ध्या चढापासूनच मागे वळून बघत होतो. एका जीपवरून रस्ता मोडीत काढू नये, हे मान्य. पण परळी म्हटलं की मला आधी तो हॉर्नच ऐकू येतो.

धोमची अडचण म्हणजे वाईपर्यंत पोचणं. पाचवडपर्यंतचा हायवे सायकलवर मला झेपत नाही. भाच्याच्या टेम्पोत सायकल टाकतो. वाईतून मात्र सगळं हाताशी. मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर सायकल आडवी टाकायची आणि पायऱ्यांवर बसायचं. तिथली मोठी घंटा पोर्तुगीजांची, 1739 च्या वसईच्या विजयानंतर आलेली. कृष्णाकाठच्या महादेवापाशी ती आता पुरती रुळली आहे. पुढे धोमला कमळाच्या आकाराचं दगडी कुंड, त्यात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. कुंडात पाणी असेल तर कासव पोहतंय असं वाटतं. मग धरण, आणि पाण्यापलीकडे डोंगर. खड्डे आहेत, म्हशी आडव्या येतात. म्हैस निदान हॉर्न वाजवत नाही.

एप्रिल-मेमध्ये मात्र धोमला जाऊ नका. पाणी आत सरकतं आणि काठाला नुसता भेगाळलेला गाळ उरतो. दिवाळीच्या आसपास जा.

टेम्पोची सोय नसेल, तर परळी करायला हरकत नाही. फक्त परतताना बोगद्याच्या अलीकडे पाच मिनिटं थांबा, दम खा, मागचा लाल दिवा लावा आणि मागे गाडी नाही बघून मगच आत शिरा.