उन्हाळी बास्केटबॉल शिबिर उत्तम, गुणवत्ता अहवाल मात्र घाईचा

नाशिकमध्ये गंगापूर रोडवरील एका उन्हाळी बास्केटबॉल शिबिरात माझी १४ वर्षांची मुलगी तीन आठवडे जात होती. प्रशिक्षकांची मेहनत खरोखर वाखाणण्यासारखी आहे. माझी तक्रार आहे ती शेवटच्या प्रदर्शनीय सामन्यावरून दिलेल्या ‘गुणवत्ता अहवाला’बद्दल. तिने १८ गुण केले, एवढ्यावरून त्यात ‘राज्यस्तरीय क्षमता’ असा शेरा मारला आहे.

प्रत्यक्षात समोरच्या संघाने एकत्र सराव केलेला नव्हता, बचावात मदतीला कोणी धावत नव्हते आणि तिचे बहुतेक गुण मोकळ्या मैदानातून मारलेल्या ले-अपचे (धावत जाऊन बास्केटच्या अगदी जवळून टाकलेल्या चेंडूचे) होते. मला भावले ते वेगळेच: पास चुकून चेंडू गेल्यावर मान खाली न घालता ती तत्क्षणी मागे धावली आणि बास्केटखाली दोन्ही हात वर करून, फाउल न करता, उंच मुलीची वाट अडवून उभी राहिली. अहवालात याची एका ओळीचीही नोंद नाही.

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग एनबीएच्या समर लीगमध्येही (मुख्य हंगामाआधीच्या, मुख्यतः नवोदितांच्या उन्हाळी स्पर्धेत) असा चकवा बसतो. २०१२ मध्ये लास वेगासला डेमियन लिलार्ड आणि जोश सेल्बी यांना सर्वोत्तम खेळाडूचा मान विभागून मिळाला; लिलार्ड त्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित ठरला, तर सेल्बी एनबीएत टिकला नाही. समर लीगमध्ये एनबीएच्या नेहमीच्या ६ ऐवजी १० फाउलनंतर खेळाडू बाद होतो, त्यामुळे बचावातील बेशिस्त झाकली जाते.

पुढच्या मे महिन्यात मुलीला याच शिबिरात पाठवणार आहे. अहवालाचे वेगळे शुल्क मात्र भरणार नाही.