ऑक्टेन बूस्टर की डिटर्जंट? स्पार्क प्लगच्या दृष्टीने
दोन्ही पेट्रोलमध्ये मिसळायची द्रव्ये: बूस्टर पेट्रोलचे ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून इंजिनात होणारी ठकठक) रोखण्याची क्षमता, वाढवतो, तर डिटर्जंट इंधनमार्ग साफ करते. फेरोसीन (लोहाचे संयुग) किंवा एमएमटी (मँगनीजचे संयुग) असलेले ऑक्टेन बूस्टर नॉकिंग कमी करतात हे खरे. मात्र त्यांतील लोह किंवा मँगनीज जळून नाहीसे होत नाही, तर ऑक्साइडच्या रूपाने प्लगच्या इन्सुलेटरवर (वीज अडवणाऱ्या चिनीमातीच्या भागावर) तांबूस थर धरते, आणि तापल्यावर हा थर वीजवाहक झाला की प्लगच्या टोकाच्या गॅपमध्ये ठिणगी पडण्याऐवजी विद्युतप्रवाह त्या थरातून निसटतो व मिसफायर होते, म्हणजे मिश्रण पेटतच नाही. पॉलिइथरअमाइन या साफ करणाऱ्या रसायनाच्या डिटर्जंटमध्ये धातू नसल्याने अशी राख उरत नाही. शिवाय त्यामुळे इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) स्वच्छ राहिल्यास मिश्रण नीट जळते आणि प्लगवर काजळी कमी साचते. अर्थात, सिलिंडरमध्ये ऑइल चढत असेल, तर दोन्ही बाटल्या व्यर्थच. कंपनीने सांगितलेल्या ऑक्टेनचे पेट्रोल मिळत असताना बूस्टर घालण्याचे कारण मला दिसत नाही. डिटर्जंट मात्र अधूनमधून, बाटलीवरील प्रमाणातच वापरावे.