साधा प्लग की इरिडियम?

भाच्याच्या पेट्रोल कारचे स्पार्क प्लग बदलायचेत. साधे निकेलचे घ्यावेत की इरिडियमचे, यात तो अडकलाय.

किमतीत साधा कितीतरी स्वस्त, हे उघडच आहे. खरा फरक झिजण्यात. काढलेला जुना प्लग उजेडात धरला, तर मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा गोल झालेल्या, ठिणगी जिथे उडते ती फट, म्हणजे गॅप, वाढलेली. गॅप वाढली की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, ताण ते व्होल्टेज देणाऱ्या इग्निशन कॉइलवर येतो. आणि कॉइल प्लगपेक्षा महाग! निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळतं, इरिडियम जवळपास २४५० ला. म्हणून त्याचं टोक अर्ध्या मिलिमीटरइतकं बारीक असूनही लाखभर किलोमीटर टिकू शकतं. साधा मात्र वीस-तीस हजारांत बदलावाच. मायलेजच्या आशेने इरिडियम घेऊ नकोस, बाळा.

गाडी कमी फिरते, प्लग सहज हाताला लागतात? साधा घे. रोज हायवे असेल, किंवा मॅन्युअलमध्येच इरिडियम लिहिलं असेल, तर तोच.