अ‍ॅल्युमिनियमचं कुंपण मराठवाड्यात घ्यावं का? खांब, काळी माती आणि वळवाचा वारा

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या नव्या वसाहतींत बंगल्यांना अ‍ॅल्युमिनियमचं तयार कुंपण बसवण्याचं प्रमाण वाढतंय. हा रिव्ह्यू कोणत्या एका कंपनीचा नाही. बाजारात मिळणारे तयार पॅनल आणि स्थानिक फॅब्रिकेटर सेक्शन (तयार पोकळ पाइप आणि पट्ट्या) कापून बनवून देतात ते कुंपण, दोन्हींचा विचार इथे केला आहे. मत आधीच सांगतो: माल चांगला आहे, घ्यायला हरकत नाही. मात्र पाच फुटांपर्यंतच घ्या, फटी असलेलंच घ्या, आणि पॅनलच्या डिझाइनवर खर्च करायच्या आधी खांब आणि खड्डा यांवर करा.

विक्रेता पहिल्यांदा सांगतो ते ‘गंजत नाही’. खरं आहे, आणि मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत हा एकच गुण पुरेसा ठरतो. आपल्याकडे समुद्र नाही. दमटपणा पावसाळ्याच्या चार महिन्यांचा. लोखंडी ग्रिलला वेळच्या वेळी रेडऑक्साइड आणि रंग लावला तर ती इथे वर्षानुवर्षं टिकते, आणि जालन्याच्या मिलमुळे लोखंड आपल्या दारातलंच आहे. म्हणजे रंगकामाची कटकट वाचवणं हाच अ‍ॅल्युमिनियमचा इथला खरा फायदा. कुंपण आडवं होतं ते वेगळ्याच दोन कारणांनी: एप्रिल-मेमधलं वादळ आणि काळी माती.

आधी वारा. वाऱ्याच्या भारासाठी असलेल्या आयएस ८७५ (भाग ३) या भारतीय मानकात औरंगाबादसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १४० किमीचा झोत. या वेगाचा दाब साधारण ९३ किलो प्रति चौरस मीटर, म्हणजे चौरस फुटाला साडेआठ किलोच्या आसपास येतो. पाच फूट उंच, आठ फूट रुंद, पूर्ण बंद पॅनल घेतलं तर ४० चौरस फुटांवर जवळपास ३४५ किलोचा रेटा. निम्मी जागा मोकळी असेल तर ढोबळमानाने याच्या निम्मा. घराचा आडोसा, उंची वगैरे धरून इंजिनीअर हा आकडा कमी करतील, पण खांब निवडायला एवढा अंदाज पुरतो.

आता हा रेटा ज्या खांबावर येतो तो पाहा. स्वस्त कोटेशनमध्ये बहुतेक वेळा ५० बाय ५० मिमीचा, १.२ मिमी जाडीचा खांब असतो. वर सांगितलेल्या निम्म्या मोकळ्या पॅनललासुद्धा खांबाच्या बुडाशी सुमारे १३० किलोग्रॅम-मीटरचा मोड (वाकवणारा जोर) येतो, आणि ६०६३-टी५ या मिश्रधातूच्या या खांबाची ताकद ४२ च्या आसपास संपते. तो वाकणारच. ६५ बाय ६५, २.५ मिमी जाडीचा खांब १४० पर्यंत जातो, म्हणजे जेमतेम पुरतो. म्हणून आठऐवजी सहा फुटांवर खांब घेतलेले बरे; मोड शंभराच्या खाली येतो. १०० फूट सरळ कुंपणाला आठ फुटांवर १४ खांब लागतात, सहा फुटांवर १८. चार खांब वाढतात, पण मेमधल्या पहिल्या वादळानंतर वाकलेले पॅनल सरळ करून घेण्यापेक्षा ते परवडतं.

कोटेशनवर नुसतं ‘हेवी गेज’ लिहिलेलं असेल तर ते कोटेशन परत करा. मिश्रधातूचा क्रमांक (६०६३-टी६ मिळालं तर उत्तम, खांब त्याच मापात जास्त भार घेतो), सेक्शनचं माप, मिलिमीटरमध्ये जाडी आणि मीटरचं वजन, एवढं लिहून घ्या. साइटवर माल उतरला की वजनकाट्यावर टाका. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७ असल्यामुळे फसवायला जागा राहत नाही: ६५ बाय ६५ बाय २.५ चा खांब मीटरला सुमारे १.७ किलो, ५० बाय ५० बाय २ चा एक किलोच्या थोडा वर, आणि तोच १.२ मिमीचा असेल तर जेमतेम ६३० ग्रॅम. १२ फुटी नगात हा फरक दीड किलोचा आहे, हातात घेतला तरी कळतो.

अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या तुलनेत तीनपट लवचिक आहे, हेही ध्यानात ठेवा. लोखंडाच्या मापाने अ‍ॅल्युमिनियम घेतलं तर कुंपण मोडलं नाही तरी वाऱ्यात डोलतं, आणि डोलून डोलून स्क्रूची भोकं मोठी होतात.

डिझाइनपैकी उभ्या पट्ट्यांचं सगळ्यात भरवशाचं. वारा निघून जातो, आडव्या पाइपवर चढायला पाय टेकत नाही. लहान मूल घरात असेल तर दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० मिमीपेक्षा कमी ठेवा. आडव्या पट्ट्यांचं दिसायला देखणं, पण पट्टी एक मिमीची असेल तर दोन खांबांमधल्या सहा फुटांच्या गाळ्यात मध्ये लोंबते. मधोमध एक उभी आधारपट्टी हवीच. लेझर कटिंगची नक्षीदार शीट आणि एसीपीची (दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेली) बंद पॅनल मात्र इथे घेऊ नयेत असं स्पष्ट मत आहे. ती पत्र्यासारखा वारा धरतात. शिवाय गारपिटीचा प्रश्न आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याने जी गारपीट पाहिली, तशा गारांनी पातळ शीटवर पडलेले खड्डे ठोकून सरळ होत नाहीत.

आता खड्डा. निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असतं. परभणी, नांदेड, लातूर भागातल्या खोल काळ्या मातीला मेमध्ये हात जाईल अशा भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी भेगेतून थेट खांबाच्या बुडाशी उतरतं, माती फुगते आणि काँक्रीटचा गोळा बाजूने धरून वर उचलते. हिवाळ्यात माती आकसते, पण खांब पूर्वीच्या जागी येत नाही. दोन पावसाळ्यांत रांग वाकडी दिसू लागते. दोन फुटांचा खड्डा, त्यात खांब आणि वर पसरलेलं काँक्रीट, अशी जी पद्धत सर्रास चालते ती सगळ्यात वाईट. वर पसरलेल्या काँक्रीटच्या टोपीला माती खालून ढकलते.

काम उलटं करायचं: बुडाशी रुंद, वर अरुंद. दीड फूट रुंद, चार फूट खोल खड्डा घ्या. त्याआधी मुरूम लागला तर मुरमात फूटभर शिरून थांबा. बालाघाटच्या पठारावर, बीड-अंबाजोगाईकडे, मुरूम बऱ्याचदा वरच लागतो, तिथे तीन फूट पुरे. खालचे दोन फूट पूर्ण रुंदीचं काँक्रीट. त्यावर दहा इंच व्यासाचा पाइप किंवा पत्र्याचं पिंप साचा म्हणून ठेवून वरचे दोन फूट अरुंद खांबासारखे भरा. साचा काढला की भोवतीच्या जागेत काळी माती परत टाकू नका. सहा-सहा इंचांच्या थरात मुरूम, प्रत्येक थराला पाणी शिंपडून धुमसाने ठोका. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याची पद्धत आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी मांडली, आणि कालव्यांच्या अस्तराखाली ती वापरली जाते. इथलं काम छोटं आहे, पण मुरूम भरण्यामागचं कारण तेच.

प्रमाण १ : दीड : ३, सिमेंट, वाळू, २० मिमी खडी. चार फुटांच्या अशा एका खड्ड्याला साधारण एक गोणी सिमेंट. १८ खांबांना १८ ते २० गोण्या धरा आणि मिस्त्रीला हा हिशेब आधीच सांगा. आठ मिमी सळईचे चार बार आणि रिंगा टाका, पण सळई अ‍ॅल्युमिनियमच्या खांबाला कुठेही टेकता कामा नये. ओल्या काँक्रीटमध्ये दोन धातू एकमेकांना लागले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

ओलं सिमेंट स्वतःही अ‍ॅल्युमिनियमला खातं, कारण ते तीव्र अल्कली असतं. खांबाचा जमिनीतला तीन फुटांचा भाग आणि जमिनीवरचे दोन इंच यांना काळ्या बिटुमिनस पेंटचे दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग खड्ड्यात उतरवा. वरचा रंगीत भाग प्लास्टिकने गुंडाळा. उडालेला सिमेंटचा ठिपका वाळला तर पावडर कोटिंगवर कायमचा डाग राहतो. जमिनीपासून इंचभर वर खांबाला सहा मिमीचं भोक पाडा. पोकळ खांबात पावसाचं आणि दवाचं पाणी साचतं, त्याला वाट हवी. खांबांची लांबी आठ फूट येते, त्यामुळे १६ फुटी सेक्शन मिळालं तर एकातून दोन निघतात. १२ फुटीत चार फूट वाया जातं आणि त्याचे पैसे बिलात येतात.

सुतळी ओढून आधी दोन टोकांचे खांब ओळंब्यात उभे करा, मग मधले. मेमध्ये काम असेल तर काँक्रीटवर ओलं पोतं ठेवून सात दिवस पाणी मारा. पॅनल त्यानंतरच चढवा. घाईने दुसऱ्याच दिवशी पॅनल लावतात आणि त्याच संध्याकाळी वारा सुटला तर कच्च्या काँक्रीटमध्ये खांब हलून जातो.

काही फॅब्रिकेटर खांबाच्या बुडाला प्लेट वेल्ड करून काँक्रीटच्या बीमवर अँकर बोल्टने बसवायचं सुचवतात. काम सोपं आणि झटपट. अडचण अशी की ६०६३-टी६ ला वेल्डिंगची धग लागली की जोडाजवळची ताकद निम्म्यापर्यंत घसरते, आणि सगळ्यात जास्त मोड नेमका तिथेच येतो. प्लेटच लावायची असेल तर खांबाच्या आत फूट-दीड फुटाचा घट्ट बसणारा दुसरा पाइप घालून घ्या. साडेचार इंची विटांच्या जुन्या भिंतीच्या कोपिंगमध्ये (माथ्यावरच्या काँक्रीटच्या थरात) अँकर मारून वर कुंपण बसवणं मात्र टाळाच. वादळात कोपिंगसकट उखडतं.

पॅनल जोडताना स्क्रू एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) चेच, खाली नायलॉन वॉशर. जस्त चढवलेले साधे स्क्रू आधी स्वतः गंजतात आणि लाल ओघळ पट्टीवर सोडतात. भोकं लांबट ठेवा: डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत आठ फुटांचा आडवा पाइप जवळपास तीन मिमी लांब-आखूड होतो. गोल भोकात करकचून आवळलेला स्क्रू उन्हाळ्यात पट्टी पोटात फुगवतो.

पावडर कोटिंग ६० ते ८० मायक्रॉनचं आणि पॉलिएस्टर पावडरचं मागा. एपॉक्सी पावडर घराच्या आत ठीक. आपल्या उन्हात ती खडूसारखी भुकटी सोडते. खांबांच्या टोप्या प्लास्टिकच्या नकोत, अ‍ॅल्युमिनियमच्या घ्या. साइटवर कापलेल्या प्रत्येक टोकाला टचअप रंग लावून घ्या.

गेटचे खांब कुंपणाच्या खांबांपेक्षा वेगळे. चार फुटांच्या छोट्या गेटला ७५ बाय ७५ बाय ३ चालतो. गाडीच्या गेटला मात्र आरसीसी कॉलम आणि लोखंडी चौकट घ्या, त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, मध्ये रबराची पट्टी. काळ्या मातीत जूनमध्ये कडी कोयंड्यात बसेनाशी होते, म्हणून बिजागरी नटने वर-खाली करता येईल अशी हवी.

शेतातल्या घराला किंवा मोसंबीच्या बागेला लागून कुंपण असेल तर आणखी एक काळजी. बोर्डो मिश्रण आणि ब्लू कॉपर या बुरशीनाशकांमधलं तांबं अ‍ॅल्युमिनियमवर बसलं की तिथे सुईच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात. फवारणीनंतर कुंपणावर साध्या पाण्याचा पाइप फिरवा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ओघळ फक्त दिसायला वाईट. सौम्य साबण आणि मऊ कापडाने निघतात, तारेची घासणी लावू नका. गेटच्या मोटरचं अर्थिंग जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पट्टीने करा, उघडी तांब्याची तार थेट अ‍ॅल्युमिनियमला बांधू नका.

भंगारात अ‍ॅल्युमिनियमला लोखंडाच्या कितीतरी पट भाव आहे, त्यामुळे रस्त्याकडच्या बाजूला साध्या पान्याने न सुटणारे नट लावून घ्या.

ठेकेदाराशी बोलताना दहा टक्के रक्कम एका पावसाळ्यानंतर देण्याची अट लिहून घ्या. दिवाळीच्या सुमारास ओळंबा लावून प्रत्येक खांब तपासा. पाच फुटांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त झुकाव असेल तर त्या खांबाभोवतीचा मुरूम उकरून पुन्हा ठोकून घ्या, स्क्रू एकदा आवळा, आणि मगच ती रक्कम सोडा.